मोत्याचे डोळे उघडे का राहिले?

पत्र : आमचा मोत्या बारा वर्षांचा होता. किडन्या निकामी झाल्या. नऊ दिवस सलाइन लावलं, मग डॉक्टर म्हणाले, आता हाल नकोत. मीच हो म्हटलं. इंजेक्शन दिल्यावर त्यानं दोनदा जोरात श्वास ओढला आणि डोळे उघडेच राहिले, माझ्याकडं बघत. शेतात पुरलाय. तीन आठवडे झाले, पहाटे साडेपाचला जाग येते, त्याला रंकाळ्यावर न्यायची वेळ ती. मीच त्याला मारलं असं वाटतं. शेजारी म्हणतात, कुत्रंच होतं की, दुसरं आणा. आमची दुसरी कुत्री चिमी दारात बसून असते, नीट खात नाही. सहा वर्षांच्या नातवाला 'मोत्या झोपलाय' असं सांगितलंय. — मंगळवार पेठ, कोल्हापूर

ताई, आधी त्या दोन श्वासांचं बोलू. बाकी सगळं तिथंच अडकलंय.

या इंजेक्शनात बहुतेक वेळा भुलीच्याच जातीचं औषध असतं, मात्रा तेवढी खूप जास्त. शिरेतून गेलं की आधी शुद्ध जाते, काही सेकंदांत. मग श्वास थांबतो, शेवटी हृदय. शुद्ध सगळ्यांत आधी गेलेली असते, हे नीट लक्षात घ्या. त्यानंतर प्राणवायू मिळेनासा झाला की मेंदूचा अगदी खालचा भाग छातीच्या स्नायूंना एक-दोन झटके देतो. बघणाऱ्याला तो श्वास वाटतो, पण तो घेणारा मोत्या तेव्हा तिथं नव्हता. डोळ्यांचंही तसंच. पापणी मिटायला स्नायूला जोर लावावा लागतो. स्नायू सैल पडले की पापणी अर्धी उघडी राहते, बाहुली मोठी होते आणि समोरच्याला वाटतं, माझ्याकडंच बघतोय. पंजा थरथरला असेल, लघवी झाली असेल, तर त्याचाही अर्थ वेदना असा नाही. हे सगळं इंजेक्शनच्या आधी सांगून ठेवायला हवं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून तीन आठवडे तुम्ही ते एकट्याच उगाळत बसलात.

आता 'मीच मारलं' याबद्दल. म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडन्यांचं जवळजवळ पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्यांनी बाहेर टाकायचा कचरा, तपासणीत हाच मोजतात) फारसं चढत नाही. त्याआधीची खूण म्हणजे पाणी जास्त पिणं आणि लघवीला जास्त होणं, आणि उन्हाळ्यात ते कुणाच्याही नजरेतून सुटतं. तुम्ही उशीर केला नाहीत, आजार उशिरा दिसला. या आठवड्यात डॉक्टरांकडं जा आणि तीन प्रश्न कागदावर लिहून न्या : पहिल्या आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन किती होतं? नऊ दिवसांच्या सलाइननं ते किती उतरायला हवं होतं? इंजेक्शन दिलं नसतं तर पुढचे दिवस कसे गेले असते? तिसऱ्याचं उत्तर ऐकायला जड जाईल. उलट्या, तोंडात फोड, अन्नावरची वासना जाणं, कधी झटके. तरी विचाराच. मनानं रचलेल्या चित्रापेक्षा खरं उत्तर सोसायला सोपं असतं. जाताना उरलेली औषधं आणि सुया तिथंच द्या. सुया कचऱ्यात टाकू नका, आणि त्याच्या गोळ्या चिमीला चुकूनही देऊ नका.

पहाटे साडेपाचला जाग येणारच, बारा वर्षांची सवय ती. अंथरुणात पडून राहू नका, चपला घाला आणि चाला. पंधरा दिवस रंकाळ्याऐवजी खासबागच्या बाजूनं जा. मग एखाद्या रविवारी घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन रंकाळ्यावर. पहिल्या दिवशी तिथं रडू येईल. येऊ द्या.

त्याचा पट्टा, ताटली एका दिवसात आवरून टाकू नका. त्याचं कांबळं न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, वास काही दिवस टिकतो. धुतलेला वास परत येत नाही, आणि घाईनं धुतल्याचा पस्तावा फार जणांना होतो.

चिमीला बरोबर न्या. तिच्या जेवणाच्या वेळा होत्या त्याच ठेवा. ताटली वीस मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर उचलायची. खात नाही म्हणून दर वेळी हातानं चिकन भरवलंत तर तीच सवय लागेल. मात्र दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही, किंवा उलट्या झाल्या, तर दुःख समजून थांबू नका, तपासून घ्या. (ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी दोन दिवसही थांबू नये, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.)

नातवाला आजच खरं सांगा. 'झोपलाय' म्हटलं की या वयाची मुलं तो उठायची वाट बघतात, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतात. शब्द साधे ठेवा : "मोत्या मेला. त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही." पाच मिनिटांनी तो खेळायला पळेल आणि उद्या तेच पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगा.

शेजाऱ्यांना उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. दुसरं पिल्लू कधी आणायचं, याला महिन्यांचा हिशेब नसतो. त्याला वेगळ्या नावानं हाक मारायला जमेल असं वाटलं, की वेळ झाली. त्याआधी आणलेलं पिल्लू दिवसभर मोत्याशी तुलना सोसत राहतं, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे.

झोप-जेवण आणखी दोन आठवड्यांत रुळावर आलं नाही, तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं, तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. कुत्र्यासाठी फोन केला म्हणून लाजू नका.

आणि शेतातलं एक काम राहिलंय. त्या इंजेक्शनच्या औषधाचा अंश पुरलेल्या शरीरात बरेच महिने राहतो. भटक्या कुत्र्यांनी किंवा कोल्ह्यांनी उकरून खाल्लं तर त्यांना विषबाधा होते. खड्डा चार फुटांपेक्षा उथळ असेल तर वरून माती टाकून मोठे दगड रचा. तिथली माती खचते, म्हणून पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा भर घाला. झाड लावायचं असेल तर दोन फूट बाजूला. नातवाला बरोबर न्या, दगड त्याला उचलू द्या.