तंबूतली दुसरी रात्र

प्रश्न : गेल्या डिसेंबरात मी, पत्नी आणि दोन मुले असे आम्ही चौघे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत एक रात्र राहिलो. शेकोटी झाली, जेवण झाले, फोटो झाले. पण झोप लागली नाही, पहाटे तंबू आतून ओला झाला, मुले कुडकुडली आणि सकाळी लवकरच आम्ही नाशिकचा रस्ता धरला. लोक ज्या आनंदाविषयी बोलतात तो आम्हाला का मिळाला नाही?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण एकच रात्र राहिलात, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धभाग दुसऱ्यापेक्षा अधिक सावध राहतो, असे झोपेविषयीच्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून पानाची सळसळही दचकवते. दुसऱ्या रात्री तीच सळसळ ओळखीची होते आणि तंबूतील मुक्कामाचे खरे सुख तेथून सुरू होते. पुढच्या वेळी दोन रात्री एकाच जागी राहा आणि मधला दिवस कोणत्याही सहलीसाठी राखून ठेवू नका.

त्या दुसऱ्या रात्री शेकोटी लवकर विझवून नुसते ऐकत बसावे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे एरवी वर निघून जाणारा आवाज खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. पलीकडच्या वाडीतले कुत्रे, घाट चढणारी एसटी, कोणीतरी कोणाला घातलेली साद हे सारे पाण्यावरून इतके स्पष्ट येते, की मुले आवाज ओळखण्यात तासभर रमतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर रातवा हा निशाचर पक्षी ऐकू येईल. हातातून सुटलेला चेंडू उड्या मारत थांबावा, तशी त्याची हाक जलद होत विरते.

आकाशाचेही तसेच आहे. तारे पाहून लगेच तंबूत शिरणाऱ्याला आकाश स्थिर वाटते. डिसेंबरच्या मध्यास संध्याकाळी पूर्वेला उगवणारे मृग नक्षत्र मध्यरात्रीच्या सुमारास डोक्यावर येते आणि पहाटे पश्चिमेला कलते. रात्री दोन-तीनदा बाहेर येऊन त्याची जागा पाहिली, तर पृथ्वी फिरते हे पुस्तकातले वाक्य मुलांना प्रत्यक्ष दिसते. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तितकेच अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली, की ती साधारण दहा अंश झाकते. एकावर एक दोन मुठी ठेवून मुलांना तो शोधू द्या. यासाठी अमावस्येजवळची तिथी निवडावी.

आता ओल्या तंबूविषयी. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचे पाणी होते, म्हणून थंडी असली तरी झडपा थोड्या उघड्या ठेवाव्यात. थंड हवा जड असल्याने उताराने खाली वाहत जाऊन सखल भागात साचते. तंबू अगदी पाण्याकाठी न लावता जरा वर लावला, तर थंडी आणि दव दोन्ही कमी जाणवतात. अंगाखालचे अंथरूण जाड हवे, कारण पांघरुणातून जाते त्याहून अधिक ऊब जमीन खेचून घेते. जळण गावातून विकत घ्यावे, जंगलातून तोडू नये.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीस काजवे पाहण्यासाठी तंबूत मुक्काम करणार आहोत. मुलांना टॉर्च द्यावी का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एकच द्यावी, तिच्यावर लाल कागद बांधावा आणि झोत पायांपुढेच ठेवावा. काजव्यांचे लुकलुकणे हा नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत असतो. भोवती प्रखर प्रकाश असला, की तो संकेत पोहोचत नाही आणि जोड्या जुळत नाहीत. आपल्या डोळ्यांनाही अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि मोबाईलच्या एका उजेडाने ती क्षणात जाते. गाड्या थांबतात त्या जागेपासून दूर बसा आणि एकच झाड निवडून त्याकडे पाहत राहा; आधी तुरळक दिसणारे ठिपके हळूहळू एका तालात उजळू लागलेले तेथेच दिसतील.