ओट्याला कोणता दगड?

प्रश्न : स्वयंपाकघराचा ओटा नवा करतेय. मला पांढरा संगमरवर आवडलाय, सासूबाई कडप्पाच म्हणतात. काय घेऊ? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, संगमरवर नकोच. माझ्या ओट्यावर सोलकढीच्या आमसुलांचं पाणी सांडलं नि रात्रभर तसंच राहिलं. सकाळी डाग निघाला, पण तिथली चकाकी गेली ती गेलीच. अजून हात फिरवला की खरखर लागते. संगमरवर चुन्याचा दगड, आंबट त्याला खातं. कडप्पाही त्याच जातीचा, फक्त स्वस्त. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा राळेत बांधून केलेली तयार फरशी; राळेमुळे तिच्यावर गरम कुकर थेट टेकवता येत नाही. तुमच्याकडे कोकम-चिंच रोजची, तेव्हा काळा ग्रॅनाइट घ्या, १८ ते २० मिमी जाडीचा. आणि पुढच्या कडेला खालून खाच मारून घ्याच, नाहीतर पाणी ओघळून कपाटात जातं.