घरच्या घरी बारीक सोनं धरायचं यंत्र नवशिक्याला बनवता येईल का?

येईल. पण यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, तळाला गाडीतलं रेघांचं रबरी मॅट, कूलरचा पंप आणि दोन टब. सोनं कुठलं ते तुम्ही लिहिलंच नाही. नदीच्या वाळूतलं असेल तर सुवर्णरेखेकाठच्या लोकांना विचारा. मी कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, आमचं सोनं म्हणजे दुकानाचा केर: कानसीची पूड, सवागी (डाग देताना लागणारा टाकणखार), एमरी (घासायच्या कागदाची पूड), धूळ.

हा केर वर्षानुवर्षं झारेकऱ्याला, म्हणजे केरातून सोनं काढणाऱ्याला जायचा. तो मूठभर चाळवून अंदाजाने पैसे मोजायचा आणि मला दरवेळी वाटायचं, फसवतोय. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, पोतं घरात. म्हटलं, आपणच काढू. दादा म्हणाला, "पारा घाल, दहा मिनिटांत धरतो." मी ऐकलं नाही.

माडीवर पाइप मांडला, एका टोकाखाली वीट. पंप चालू केला आणि केर सोडला. पाण्यावर हळदीसारखा पिवळा तवंग आला आणि मॅटवरून तरंगत थेट खालच्या टबात. सोनंच ते! पाण्याच्या एकोणीसपट जड धातू डोळ्यांदेखत तरंगत गेला. दादा हाताची घडी घालून हसत उभा.

झारेकरी केर आधी का जाळतो, ते त्या दिवशी कळलं. तेलकट पूड भिजतच नाही. दुसऱ्या दिवशी सगळं घमेल्यात जाळलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून कानसीचं लोखंड उचललं, मैद्याच्या चाळणीने चाळलं. जाड आणि बारीक वेगवेगळं सोडायचं, कारण वाळूचा मोठा खडा आणि सोन्याचा बारका कण पाण्यात सारखेच वागतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. विटेऐवजी फरशीचा तुकडा, म्हणजे फुटाला इंचभर उतार. पंपाचं अर्धं पाणी टी (तीन तोंडांचा जोड) लावून परत टबात. बारीक सोन्याला जोराचं पाणी चालत नाही, लोक इथेच चुकतात. मग मॅट परातीत धुतलं. पावणेदोन ग्रॅम.

दादा अजून म्हणतो, झारेकऱ्याने त्याच पोत्याचे जास्त दिले असते. दिलेही असते, बफची (पॉलिशच्या चाकाची) धूळ पाण्याने धरली जात नाही, ती तो मुशीत गाळून काढतो. म्हणजे फसवत नव्हता, हेही लिहून टाकतो. पण पाऱ्याचं मी कबूल करणार नाही. पारा सोनं धरतो, बरोबर. पण ते सोडवायला तो तापवावा लागतो, आणि त्या विषारी वाफेला वासही नसतो. आमच्या खालच्या मजल्यावर काकू स्वयंपाक करते. दादाला हे तेव्हाही सांगितलं होतं.

हो, तीन गोष्टी राहिल्या. पहिल्याच दिवशी सोनं टाकू नका. शिशाचे बारीक दहा तुकडे मोजून वाळूत मिसळा, दहाच्या दहा मॅटवर सापडले तर पुढे जा (हात धुवा). ॲसिडच्या नादी घरात लागू नका. आणि नदीतून काढणार असाल तर परवान्याची चौकशी आधी.

पहिल्या दिवशीच्या टबातला गाळ अजून माडीवर डब्यात आहे. दादा म्हणतो त्यात अर्धा ग्रॅम आहे. मी म्हणतो नाही. जाळून बघायला दोघंही तयार नाही.