गरम विहीर, गार विहीर आणि कॅबटचं घर

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये आई-बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात येताहेत. बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, आईचे गुडघे दुखतात. दोन दिवस डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी जायचं मनात आहे. पण ओळखीचे सांगतात, पाम स्प्रिंग्जलाच राहा, डेझर्ट हॉट स्प्रिंग्जमध्ये जुनं काही नाही. वज्रेश्वरीला कुंडांजवळ देवीचं देऊळ आहे, तसं इथे काय आहे?
– एक वाचक, अर्वाइन

उत्तर : जरूर जा, आणि मुक्काम त्याच गावात करा. देऊळ नाही. गाव रीतसर शहर झालं तेच १९६३ साली. पण बाबांना दाखवण्यासारखं एक घर तिथे आहे आणि माझं त्या घरावर फार प्रेम आहे.

कॅबट यर्क्सा १९१३ मध्ये या वाळवंटात आला. सरकारकडून वसाहतीसाठी मिळणारी १६० एकर जमीन त्याने घेतली, पण पाणी नव्हतं. मैलोन्‌मैल चालत रेल्वे स्टेशनवरून ते आणावं लागे. मग त्याने कुदळ-फावड्याने विहीर खणली आणि तिला लागलं कढत पाणी! थोड्या अंतरावर दुसरी खणली, तर गार, गोड पाणी. त्या टेकाडाला म्हणूनच ‘मिरॅकल हिल’ म्हणतात. (कावीया आदिवासींना हे झरे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, हे मुलांना आवर्जून सांगा.)

गरम आणि गार पाणी असं शेजारी का, याचं कारणही बाबांना सांगा. सॅन अँड्रियास भ्रंशाची (जमिनीतल्या मोठ्या भेगेची) एक शाखा, मिशन क्रीक फॉल्ट, या गावाखालून जाते. भ्रंशात भरडून बारीक झालेला खडक पाणी अडवतो. खोलवर तापलेलं पाणी भेगांतून वर येतं ते ईशान्येच्या अंगाला, आणि नैऋत्येला गार पाण्याचा साठा. गावातली सगळी कुंडं त्या एका भिंतीच्या जिवावर आहेत.

१९४१ पासून कॅबटने टेकाडावर होपी आदिवासींच्या घरांच्या धर्तीवर घर बांधायला घेतलं आणि १९६५ मध्ये मरेपर्यंत ते बांधत राहिला. ३५ खोल्या, १५० खिडक्या, ६५ दारं. लाकूड ओसाड पडलेल्या झोपड्यांचं, खांब तारांचे जुने, खिळे वाकलेले ते ठोकून सरळ केलेले. नकाशाबरहुकूम काम करणाऱ्या माणसाला हे घर तासभर हलू देणार नाही. कॅबट गेल्यावर ते पाडायचं घाटत होतं. एका मित्राने विकत घेऊन वाचवलं. आता ते शहराच्या मालकीचं संग्रहालय आहे. आतली फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते, वेळ आधी ठरवून ठेवा. जिने अरुंद आहेत. आईंना अंगणात बसू द्या. तिथे शिल्पकार पीटर टोथने १९७८ मध्ये घडवलेला ‘वाओकिये’ नावाचा ४३ फुटी लाकडी पुतळा आहे, मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ उभारलेला. तो बसल्या जागेवरून छान दिसतो.

वास्तुरचनेची आवड असेल तर वास्तुरचनाकार जॉन लॉटनरचं १९४७ मधलं मोटेल बाहेरून पाहा. चारच खोल्या, काँक्रीट, पोलाद आणि काच. इथला वारा अंगावर येतो, तो चुकवून आकाश कसं आत घ्यायचं हे त्याने सोडवलंय. टू बंच पाम्स या रिसॉर्टमध्ये शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन लपून राहायचा असं कुणी सांगेल. त्याला पुरावा नाही. तिथली ताडाची झाडं मात्र खरी आणि जुनी. भ्रंशाने अडवलेलं पाणी वर आल्यामुळे ती जगली.

आईंसाठी खनिज पाण्याची कुंडं असलेलं एखादं छोटं, जुन्या धाटणीचं हॉटेल निवडा. या पाण्याला गंधकाचा वास येत नाही. एकापेक्षा जास्त कुंडं असतील तर कमी गरम कुठलं ते विचारून तिथूनच सुरुवात करा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि नोव्हेंबरातही रात्री वारा बोचरा असतो, तेव्हा त्यांची शाल गाडीत नाही, हातात ठेवा.