सेन्सर बसवूनही यंत्राचा बिघाड आधी का कळत नाही?

यंत्रांवर सेन्सर लावले, पडद्यावर आलेख दिसू लागले, तरी बिघाड मात्र यंत्र बंद पडल्यावरच कळतो, असे आपण आपल्या प्रश्नात लिहिले आहे. देखभाल विभागात काम करताना माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा सूचना आलेली असते. पण ती इतर शेकडो सूचनांत बुडून गेलेली असते.

याचे गणित करून पाहावे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख, म्हणजे मोजमापे नेहमीच्या मर्यादेत आहेत का हे दाखवणारा आलेख, मांडला. तेव्हापासून सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांची (प्रमाण विचलन म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप) मर्यादा ठेवण्याची रीत रूढ झाली. यंत्र ठणठणीत असतानाही सुमारे ०.२७ टक्के नोंदी या मर्यादेबाहेर जातात. दिवसातून मोजके नमुने तपासणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. पण २०० सेन्सर दर मिनिटाला एक नोंद देत असतील, तर दिवसाच्या २,८८,००० नोंदींतून जवळपास ७७८ खोट्या सूचना निघतात. एका शिफ्टमध्ये हूटरच्या (इशाऱ्याच्या भोंग्याच्या) तोंडात चिंधी कोंबलेली मी पाहिली आहे, आणि ती कोंबणाऱ्याला मी दोष देऊ शकलो नाही. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, तेव्हा त्याआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते.

दुसरी चूक मोजमापाची असते. शाफ्टला, म्हणजे फिरत्या दांड्याला, आधार देणारे बेअरिंग तापते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याच्या पुष्कळ आधी कंपने बदलतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असतील आणि बाहेरच्या कड्याला बारीक चीर गेली असेल, तर सेकंदाला साधारण ९० ठोके उमटतात. पण प्रणाली मिनिटाची सरासरीच साठवत असेल, तर हे ठोके त्या आकड्यात विरून जातात, आणि मग कितीही हुशार सॉफ्टवेअर आणले तरी त्याला शोधायला काही उरत नाही.

मी आपल्या जागी असतो, तर नवी खरेदी करण्याआधी मागच्या महिन्यातील सगळ्या अलार्मची यादी काढून प्रत्येकापुढे कोणी काय केले ते लिहिले असते. ज्यांच्यापुढे रकाना कोराच राहतो, त्यांची मर्यादा बदलावी किंवा ते सरळ बंद करावेत. उरलेल्या प्रत्येक सूचनेला एक जबाबदार माणूस आणि एक ठरलेले काम नेमून द्यावे.