अटकेच्या पहिल्या दिवशीचे कागद: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

‘देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, इथे कायदा चालत नाही.’ ठाणे-नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत हे वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं. कायदा तिथेही चालतो. म्हणून काही उत्तरं एकत्र देत आहे.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस म्हणाला, तुमच्या आधारवरून दहशतवाद्यांना पैसे गेलेत, तुम्ही ‘डिजिटल अटके’त आहात. (ऐरोली)

अशी अटक कायद्यात नाही. फोन बंद करा. पैसे पाठवले असतील तर या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

व्हॉट्सॲपवर चौकशीची नोटीस आली. जावं का? (घणसोली)

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी गप्प बसू नका. रीतसर नोटीस मागणारं पत्र पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि जाण्याआधी वकिलाला भेटा. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर महिलांना आणि साठीपुढच्यांना घराबाहेर बोलावता येत नाही.

जमावबंदी आहे, सभा घेताच येणार नाही म्हणतात. (वर्तकनगर)

कोण म्हणतं? आदेशाची प्रत वाचलीत का? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा आदेश सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. तारीख, हद्द आणि सूट पाहा, लेखी परवानगी मागा, नकारही लेखीच घ्या. त्या कागदाशिवाय उच्च न्यायालयात वकील तरी काय दाखवणार?

भावाला यूएपीएखाली (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध या दहशतवादविरोधी कायद्याखाली) अटक झाली. ओळखीचे म्हणतात, १८० दिवस काहीच होत नाही, वकील नंतर बघू. (कळवा)

असा सल्ला देणाऱ्यांमुळे माणसं वर्षानुवर्षं आत राहतात. आजच वकील गाठा.

राज्यघटनेचा अनुच्छेद २२ यूएपीएलाही लागू आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलंच पाहिजे. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात; प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात (२०२४) ती दिली नव्हती म्हणून यूएपीएतली अटकच बेकायदा ठरली. कारणं म्हणजे छापील फॉर्मवरची कलमं नव्हेत. या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, ते त्याला समजणाऱ्या भाषेत हवं. कारणं मिळाली नसतील तर पहिल्याच रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्याच्या सुनावणीला, वकिलाने ते न्यायालयाच्या नोंदीत आणावं. अटक पंचनाम्यावरची वेळ नीट पाहा.

आता ते १८० दिवस. दोषारोपपत्र दाखल करण्याची मूळ मुदत ९० दिवसांची आहे आणि ती आपोआप १८० पर्यंत वाढत नाही. तपास कुठवर आला आणि कोठडी पुढे का हवी, याची नेमकी कारणं देणारा अहवाल सरकारी वकिलाने द्यावा लागतो, आणि त्या सुनावणीला आरोपी हजर हवा. दिवस मोजायचे ते अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. मुदत संपली, वाढ मिळालेली नाही आणि दोषारोपपत्रही नाही, तर डिफॉल्ट जामिनाचा, म्हणजे मुदत चुकल्यामुळे मिळणाऱ्या जामिनाचा, हक्क तयार होतो. पण अर्ज दोषारोपपत्राआधी पडला पाहिजे. सकाळी अर्ज राहिला आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, की हक्क गेला. हे घडतं, आणि ते निव्वळ उशिरामुळे.

पुढेही सगळं संपत नाही. यूएपीएच्या कलम ४३-ड(५) ने जामीन फार अवघड केला आहे, हे खरंच. पण खटला लवकर संपण्याची चिन्हं नसतील आणि कैद लांबली असेल, तर त्या कलमानंतरही जामीन देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात (२०२१) म्हटलं. कोर्टाबाहेर ‘हमखास जामीन’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कळव्यासाठी ठाणे जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, किंवा फोन १५१००.

छाप्यात फोन आणि लॅपटॉप नेले. (खारघर)

जप्ती पंचनाम्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि अनुक्रमांक आहेत का, हे आधी पाहा. हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्यातल्या माहितीचा अंकीय ठसा, तिथेच काढून नोंदवण्याची मागणी करायची असते. नंतर फाइल बदलली असं म्हणायचं झालं, तर तुलनेला तोच लागतो. राहून गेलं असेल तर उपकरण सीलबंद होतं का आणि हॅश कधी काढला, हे न्यायालयात लेखी विचारा. झडतीचं ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. त्याची प्रत मागा. पासवर्ड सांगण्याआधी वकिलाशी बोला, न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. आणि खारघरचं पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयात असलं तरी जिल्हा रायगड आहे, त्यामुळे ठाण्याला हेलपाटा मारू नका. पनवेलच्या न्यायालयात जा.