जमीन सरकारी, वाट कुणाची?

(भूमी अभिलेख खात्यात 31 वर्षं मोजणीचं काम करून आता साताऱ्यात स्थायिक झालेले काका जमिनीविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. माझा पुतण्या डेन्व्हरला नोकरीला आहे. गेल्या ऑक्टोबरात तो तिकडच्या मित्रांबरोबर शेजारच्या वायोमिंग राज्यात एल्कच्या शिकारीला गेला होता. परवाना सोडतीत रीतसर लागलेला. मोबाइलच्या नकाशात सरकारी जमीन समोर दिसत होती, कळपही तिथेच चरत होता, पण मध्ये एका रँचवाल्याची, म्हणजे गुरं पाळणाऱ्या बड्या जमीनमालकाची, जमीन आडवी. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात नुसत्या कोपऱ्यावरून पाऊल टाकून जाता आलं असतं. खटला होईल या भीतीने मंडळी तिथूनच परत फिरली. सरकारच्या जमिनीला वाटच नाही, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आणि कोपरा ओलांडणं हा गुन्हा आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कोपरे शोधण्यातच माझी नोकरी गेली. दहिवडी, वडूज, पुढे जत. उन्हातान्हात शंकू-साखळी घेऊन फिरलो. बांधावर भांडणाऱ्या दोघांना सांगायचो, 'हा दगड म्हणजे हद्द नव्हे, दगडाच्या मध्यावरचा बिंदू ही हद्द.' दगड हातभर रुंद असतो, बिंदूला रुंदीच नसते. तुमचा पुतण्या अडकला तो याच रुंदी नसलेल्या बिंदूवर.

आधी जनावराविषयी. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. मोठा नर 300 किलोच्या पुढे भरतो. उन्हाळा उंच डोंगरात काढायचा आणि बर्फ पडू लागलं की खाली गवताळ भागात उतरायचं, असं त्याचं वर्ष. बंदुकांचे आवाज सुरू झाले की जिथे माणूस येत नाही तिथे सरकायला तो फार लवकर शिकतो, आणि अशी जागा पुष्कळदा खासगी रँचच्या कुंपणाआड असते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. तिकडे ती परवान्याने आणि ठरवून दिलेल्या संख्येतच होते. रानातला एल्क कुठल्याही मालकाचा नसतो, तो त्या राज्याच्या जनतेचा मानला जातो. पायाखालची माती मात्र मालकाची. सगळा घोळ इथे सुरू होतो.

आता वाट का नाही ते सांगतो. अमेरिकेने 1862 साली पश्चिमेला रेल्वे नेण्यासाठी कायदा केला. कंपनीला सरकारी रोख्यांच्या रूपाने कर्ज दिलं, त्याबरोबर जमीनही दिली. रुळाच्या दोन्ही अंगांना मैल लांब, मैल रुंद असे चौकोन पाडले, प्रत्येकी 640 एकरांचे. विषम नंबरचे रेल्वेला, सम नंबरचे सरकारकडे. रेल्वे आली की शेजारच्या आपल्याही चौकोनांचा भाव चढेल, असा सरकारचा हिशेब होता. नकाशावर बुद्धिबळाचा पट तयार झाला. रेल्वेचे चौकोन पुढे विकत विकत रँचवाल्यांकडे गेले, सरकारचे सरकारकडेच राहिले, आणि सरकारचा एक चौकोन दुसऱ्या चौकोनाला फक्त कोपऱ्यात टेकतो.

मोजणीच्या माणसाला इथे एक गोष्ट लागते. त्यांची साखळी 66 फुटी, आपली 33 फुटी. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. त्यांच्या 80 साखळ्यांचा एक मैल. म्हणजे माप एकाच घराण्यातलं. पण आपल्या जुन्या गाव नकाशात वाटाही काढलेल्या आहेत. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट, साखळीचे बरोबर चार आणे. आपल्या मोजणीदारांनी गावात फिरून, माणसं आणि जनावरं कुठून जातात ते पाहून त्या रेषा ओढल्या. तिकडच्या पटावर रेल्वेचे चौकोन देताना त्यातून सरकारने स्वतःसाठी वाट राखली नाही. पुढे सरकारने वायोमिंगमध्येच एका जलाशयाकडे जायला मेंढ्यांच्या एका कंपनीच्या जमिनीतून रस्ता काढला, तेव्हा 1979 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा न लिहिलेला हक्क सरकारला नाही. रस्ता हवा तर मोबदला देऊन घ्या. 2018 मध्ये तिकडे हिशेब मांडला गेला, तेव्हा पश्चिमेच्या राज्यांत केंद्र सरकारची सुमारे 95 लाख एकर जमीन कायदेशीर वाटेविना निघाली. आपले सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे भरतात, त्याच्या दुप्पट. मला हे वाचून वाईट वाटलं. नकाशात जमीन काढायची आणि वाट काढायची नाही, हे अर्धं काम झालं.

कोपऱ्याचं म्हणाल तर तुमच्या पुतण्याने आता धीर धरावा. वायोमिंगमध्ये एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथे मिसूरी राज्यातून आलेल्या शिकाऱ्यांनी 2021 साली कोपऱ्यावर घडीची शिडी उभी केली, या सरकारी चौकोनातून चढले आणि त्या सरकारी चौकोनात उतरले. रँचच्या मातीला पाय लागू दिला नाही. कोपऱ्यावर मालकाने खांब रोवून साखळी लावलेली होती. फौजदारी खटला झाला, 2022 मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावाही लावला होता. म्हणणं असं की, कोपऱ्यावरची हवासुद्धा माझी. 2023 मध्ये केंद्रीय न्यायालयात शिकारी जिंकले, मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून केलेला अपिलाचा विभाग) अपील न्यायालयाने तोच निकाल कायम केला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

निकालाचा आधार 1885 चा एक कायदा आहे. त्या काळी मोठे गुरंवाले सरकारी कुरणांना कुंपणं घालून इतरांना बाहेर ठेवत, ते थांबवायला तो केला. कोलोरॅडोत काहींनी युक्ती केली. कुंपणाची प्रत्येक तार स्वतःच्याच विषम चौकोनांत, पण अशा बेताने की मधली 20 हजार एकर सरकारी जमीन आपोआप कोंडली जावी. 1897 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कुंपण काढायला लावलं. 1914 च्या निकालात तर एक मेंढपाळ आहे. वायोमिंगच्या त्याच पटावरून तो मेंढरं चराईला नेत होता, खासगी चौकोनांतून जाणं त्याला टळत नव्हतं. कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला. माण तालुक्यातले धनगर दरवर्षी मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, त्यांची आठवण मला हे वाचताना आली.

पण पुतण्याला तीन गोष्टी नीट सांगा. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांत लागू आहे. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं आजही बेकायदा मानतं. दुसरं, निकाल पायी जाणाऱ्यासाठी आहे आणि खासगी मातीला स्पर्श न करण्याच्या अटीवर; गाडी काढायची नाही. तिसरं माझ्या धंद्यातलं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : मोबाइलमधल्या निळ्या ठिपक्यावर कोपरा ओलांडू नये. उघड्या माळावरही तो ठिपका चार-पाच मीटर सहज चुकतो, आणि इथे तर इंचाचा प्रश्न आहे. जमिनीवर जुन्या मोजणीचा दगड किंवा लोखंडी नळीवर बसवलेली पितळी टोपी असते, तिच्यावर चौकोनांचे नंबर कोरलेले असतात. ती प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसली तरच पाऊल टाकावं, नाहीतर मागे फिरावं. आणि शिकार झालीच तर मांस पाठीवर लादून त्याच कोपऱ्यावरून चार-पाच खेपा कराव्या लागतात, हे निघण्याआधी मनात धरावं.

प्रश्न : रँचवाल्याला सरळ विचारलं तर तो जाऊ देत नाही का? एवढे खटले कशाला?
— एक वाचक, कराड

उत्तर : देतो, अनेकजण देतात. पण हंगामाच्या आदल्या दिवशी दारात उभं राहून नव्हे. काही महिने आधी जावं, आपण कोण, किती जण, गाडी कुठे लावणार ते सांगावं. रँचवाल्याची बाजूही समजून घ्या. फाटक उघडं राहिलं की गुरं रस्त्यावर जातात, आणि साठवलेल्या गवताची राखण त्यालाच करायची असते. जतला एका शेतकऱ्याने मोजणीच्या दिवशी मला बांधावर अडवलं होतं. तासभर बोलल्यावर कळलं, आदल्या वर्षी कुणीतरी त्याच्या डाळिंबाच्या बागेचं फाटक उघडं टाकलं होतं आणि शेळ्यांनी कोवळी रोपं खाल्ली होती. ते ऐकून घेतल्यावर त्याने स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. मोंटानाने 1985 पासून अशा मालकांना मोबदला देऊन शिकाऱ्यांसाठी जमीन खुली करण्याची योजना चालवली आहे. वायोमिंगमध्येही राज्याने मालकांशी करार करून पायी प्रवेशाची क्षेत्रं केली आहेत. पुतण्याने आधी ती बघावीत.

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानाकडे जाणारी वाट तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या गटवाल्याने चर खोदून बंद केली. मेंढरं न्यायची कुठून?
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : तुमच्याकडे शिडीची गरज नाही, पण घाई करा. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, त्यात चराईच्या जमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाटही येते. मुदत अडवणूक झाल्यापासून 6 महिने. तुमचे 3 गेले. वहिवाटदाराच्या शेताला बांधावरून वाट मागायची असते तेव्हा महसूल अधिनियमाचं कलम 143 लागतं. तुमचं प्रकरण चालत्या वाटेवरच्या अडथळ्याचं आहे, म्हणून कलम 5.

उद्याच भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा आणि त्या ठिकाणी तुटक रेषा आहे का पाहा. असेल तर अर्धं काम झालं. नसेल तरी वहिवाट सिद्ध करता येते. वाटेने मेंढरं नेणाऱ्या जुन्या माणसांचे जबाब, ग्रामपंचायतीचं पत्र आणि चराचे फोटो लावा. तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी जागेवर पाहणीला येतील त्या दिवशी नकाशाची नक्कल हातात ठेवा आणि त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत चाला. हद्दीचा जुना दगड दिसला तर फोटो काढा, त्याला हात लावू नका, कुणाला लावूही देऊ नका.